सहाव्याला बाहेर बसवू नका, गेम बदला

पत्र: ताई, आम्ही सहाजण लालबागच्या एकाच चाळीतले. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि सगळे पांगले, एक बदलापूरला, एक विरारला, एक पनवेलला, दोघं ठाण्यात, मी परळला भाड्याने. रोज रात्री साडेदहाला ऑनलाइन भेटतो. आधी मोबाइलवर बीजीएमआय हा शूटिंग गेम खेळायचो, तो २०२२ ला भारतात बंद झाला तेव्हा पीसीवर व्हॅलोरंट हा दुसरा शूटिंग गेम सुरू केला. आता सगळ्यांनाच बोअर झालंय पण भेटायला दुसरं निमित्त नाही म्हणून लावतो. टीम पाचची असते त्यामुळे एकजण बाहेर, आणि आजकाल तो बदलापूरवालाच असतो कारण त्याचा नेम गंडतो आणि विरारवाला आणि एक ठाणेवाला त्याच्यावर ओरडतात. एकेकाळी मंडळाच्या डेकोरेशनची सगळी वायरिंग हाच करायचा. परवा तो ग्रुप सोडून गेला, मी परत ॲड केला. असा एखादा टीमवाला शूटर सांग जो सगळ्यांना जमेल. दोघांचे लॅपटॉप जुने आहेत, ग्राफिक कार्ड नाही, आणि पैसे घालायची कोणाची तयारी नाही.
– परळचा एक

परळकर मित्रा,

नाव आधी सांगून टाकते, टीम फोर्ट्रेस २. आता लगेच सर्च करून "अरे हा तर २००७ चा आहे" म्हणत बंद करू नकोस, शेवटपर्यंत वाच, कारण तुझं पत्र वाचून मला तरी असं वाटलं की तुम्हाला खेळायचा कंटाळा आलेला नाहीये. सहाच्या सहा जणांनी रोज एकच काम करायचं आणि ते ज्याला जमत नाही त्याने बोलणी खायची, याचा कंटाळा आलाय.

व्हॅलोरंट वाईट गेम नाहीये हां. मी पण खेळते, आणि आपल्याला मुंबईतलाच सर्व्हर मिळतो हे सुख मोठं आहे. पण त्याची रचना बघ जरा. राऊंड १०० सेकंदांचा, त्यात स्पाइक म्हणजे बॉम्ब लागला तर वर अजून ४५ सेकंद, आणि जो मेला तो सहसा राऊंड संपेपर्यंत मेलेलाच. आता तुमचा बदलापूरवाला समज पहिल्या पंधरा सेकंदात गेला, तर उरलेला सगळा वेळ तो बाकीच्यांची स्क्रीन बघत बसणार, पुढच्या राऊंडला परत तेच, आणि कोणीतरी १३ राऊंड जिंकेपर्यंत हे चालूच. म्हणजे ज्याला हाताला सवय व्हायची सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच सगळ्यात कमी खेळायला मिळतं, मग नेम सुधारणार कधी आणि कसा? एजंट म्हणजे त्यातली कॅरेक्टर्स वेगवेगळी असतात मान्य, कोणी स्मोक टाकतं कोणी हील देतं, पण शेवटी ज्याची गोळी आधी डोक्यात लागली तो जिंकला. दिवसभर कामावर राबून, बदलापूर लोकलला लटकत घरी आलेला माणूस साडेदहाला लॅपटॉप उघडतो ते मित्रांसाठी, आणि तेच मित्र त्याच्या कानात ओरडतात. मी त्याच्या जागी असते तर मी पण ग्रुप सोडला असता, खरं सांगते.

दुसरे गेम मी विचारात घेतले नाहीत असं नाही. काउंटर स्ट्राइक २ मध्ये पण पाचचीच टीम आणि नेमाचाच खेळ, तिथे बदलापूरवाल्याचे हाल अजून वाईट. बीजीएमआय परत आलाय २०२३ ला, पण स्क्वॉड चारचा, म्हणजे दोघं बाहेर. मार्व्हल रायव्हल्स सहा विरुद्ध सहा आहे, फुकट आहे, आकडा तुमच्यासाठी अगदी बरोबर बसतो, पण त्याला कमीत कमी १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०६० च्या तोडीचं कार्ड लागतं आणि तुमच्यातल्या दोघांकडे कार्डच नाही, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

टीम फोर्ट्रेस २ मध्ये एक पार्टी सहाजणांची. बरोब्बर सहा. सगळे एकत्र मॅचच्या रांगेत लागतात, कोणी बाहेर बसत नाही. कॅज्युअल मॅच बारा विरुद्ध बाराची असते त्यामुळे एकाचा दिवस खराब गेला म्हणून टीम बुडत नाही, आणि मेलास तर थोड्याच वेळात परत उभा राहतोस. २०११ पासून पूर्ण फुकट आहे. मूळ गेम तर त्याहून जुना, १९९६ ला ऑस्ट्रेलियातल्या पोरांनी क्वेक नावाच्या गेमवर मॉड म्हणजे त्याचंच बदललेलं रूप म्हणून बनवला होता, मग व्हॉल्व्ह या गेम कंपनीने त्यांनाच बोलावून घेतलं. इतक्या वर्षांनंतरही लोक तो खेळतायत याला कारण आहे, आणि ते कारण म्हणजे त्यातली नऊ कॅरेक्टर्स, ज्यांना क्लास म्हणतात. स्काउट, सोल्जर, पायरो, डेमोमॅन, हेवी, इंजिनिअर, मेडिक, स्नायपर, स्पाय. नऊ जणांची नऊ कामं आणि त्यातल्या निम्म्यांना तरी डोक्यात गोळी मारता येण्याची काही गरज नाही.

तुमच्या मंडळात कसं होतं आठव. वर्गणीला गोड बोलणारा जायचा, मंडप बांधायला ताकदवाला, वायरिंगला हा. कोणी वायरिंगवाल्याला म्हणालं का कधी की तुला ढोल वाजवता येत नाही, तू घरी जा? तसंच आहे इथे.

बदलापूरवाल्याला इंजिनिअर दे. माझं ऐक, पहिल्या दिवसापासून दे. इंजिनिअरकडे २०० मेटल असतं, त्यातल्या १३० मध्ये तो सेंट्री गन उभी करतो, आणि ती सेंट्री स्वतः नेम धरते, समोर शत्रू आला की स्वतः गोळ्या घालते. ह्याने फक्त ती कुठे लावायची ते डोकं चालवायचं. कोपऱ्यामागे लावली तर समोरच्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, उघड्यावर लावली तर लांबून सोल्जर रॉकेट मारून उडवतो. मग पाना घेऊन ठोकत ठोकत तिला लेव्हल २, लेव्हल ३ करायचं, प्रत्येक लेव्हलला २०० मेटल, म्हणजे मेटल आणायला फेऱ्या मारायच्या. बाजूला डिस्पेन्सर लावला की सगळ्यांना गोळ्या पण मिळतात आणि जखमा पण भरतात. आणि टेलिपोर्टर! एक टोक मागे जिथे आपण जन्मतो तिथे आणि दुसरं पुढे लढाईजवळ, मग मेलेला प्रत्येकजण सगळा मॅप चालत यायच्या ऐवजी दोन सेकंदात पुढे. ज्या टीमकडे चांगला टेलिपोर्टर आहे ती टीम थकतच नाही, समोरच्यांना कळत नाही हे सारखे येतायत कुठून. आठवडाभराने विरारवालाच त्याला विचारेल "टेली लावलास का रे", बघ तू. ज्या माणसाने मांडवाची वायरिंग केलीय त्याला जागा बघून सामान लावणं शिकवायला लागणार नाही.

मेडिक तुमच्यापैकी जो शांत आहे, ज्याचं लक्ष चारी बाजूंना असतं, त्याला दे. पत्रावरून मला तो पनवेलवाला वाटतोय पण तुला जास्त माहिती. मी स्वतः सगळ्यात जास्त मेडिक खेळते त्यामुळे याच्यावर थोडं जास्त बोलते. मेडिकची बंदूक मित्रावर धरायची असते, एकदा पकडली की तो हलला तरी किरण त्याच्या मागे वळत जातो. हेवीची तब्येत मुळात ३००, मेडिक त्याला ४५० पर्यंत चढवून ठेवतो. आणि हील देता देता एक मीटर भरत जातो, जखमी माणसाला देत राहिलास तर ४० सेकंदात भरतो, मग येतो तो उबरचार्ज. आठ सेकंद मेडिक आणि त्याचा जोडीदार दोघांना काहीच लागत नाही.

आता हे कसं दिसतं ते सांगते. डस्टबोल नावाचा मॅप आहे, त्याचा शेवटचा पॉइंट. समोरच्या टीमने दोन सेंट्री लावून ठेवल्यात, आपला जो जातो तो दारातच मरतो, घड्याळात दीड मिनिट राहिलंय. मेडिक कॉलवर म्हणतो "भरला". सगळे थांबतात. डेमोमॅन म्हणतो "चल". दोघं कोपरा वळतात आणि मेडिक बटन दाबतो, दोघं निळे चमकायला लागतात, सेंट्री धडाधड गोळ्या मारतेय, मागे ढकलतेय, पण जीव जात नाही. दोन सेकंद तर चालण्यातच गेले. डेमोमॅन सेंट्रीच्या पायाशी चार स्टिकी बॉम्ब टाकतो, फोडतो, पहिली गेली, दुसरीकडे वळतो, पाच, सहा, मेडिक ओरडतोय "दोन सेकंद, दोन सेकंद", दुसरी फुटली, चमक गेली, दोघं मेले. पण मागून बाकीचे चारजण घुसलेत ना. ज्या दोघांनी हे केलं त्यातल्या एकानेही कोणाच्या डोक्यात नेम धरून गोळी मारली नाही. असा एक पॉइंट घेतला ना की रात्री बारा वाजता घरातल्यांना न उठवता ओरडायचं कसं हा प्रश्न पडतो, तर हेडफोन घाला आणि उशी जवळ ठेवा.

विरारवाल्याचा नेम चांगला आहे असं दिसतंय, त्याला स्नायपर किंवा स्काउट घेऊ दे. स्काउट पळतो भन्नाट आणि हवेत दुसरी उडी मारतो पण तब्येत फक्त १२५, जरा चुकला की गेला. हे त्याच्यासाठी पण चांगलंच आहे, पाचेक वेळा सेंट्रीसमोर मरून परत आला की त्याला कळेल आपला इंजिनिअर काय कामाचा आहे ते. फक्त टीममध्ये स्नायपर एकच ठेवा, सगळे मागे बसून दुर्बिणीतून बघत राहिले तर पुढे जाणार कोण. तू स्वतः सोल्जर घे, तो सगळीकडे चालतो आणि सुरुवातीला सोपा पडतो. ठाण्याच्या दोघांना हेवी आणि पायरो देऊन बघ, नाही जमलं तर चालू मॅचमध्ये क्लास बदलता येतो, त्याला काही दंड नाही.

पायरो कोणीतरी घ्याच, कारण स्पाय. स्पाय हा समोरच्या टीमचा माणूस असतो पण तुमच्यातल्याच एकाचं रूप घेऊन येतो, डोक्यावर नाव पण तुमच्याच माणसाचं दाखवतो. पाठीमागे आला, सुरा मारला की एका फटक्यात खेळ खल्लास. आता गंमत बघ, स्क्रीनवर तुझ्या बाजूला विरारवाला चालतोय, आणि कॉलवर विरारवाला म्हणतोय "अरे मी मेलोय, पाणी प्यायला उठलोय". त्या एका सेकंदात जे काही होतं ना त्यासाठी तरी हा गेम खेळा. उपाय असा की आपल्या माणसाला आपल्या गोळ्या लागत नाहीत, त्यामुळे कोणावर शंका आली की खुशाल मारायचं, पायरोने जरा आग फिरवायची, पेटला तर तो स्पाय. याला स्पाय चेक म्हणतात आणि नवीन लोक नेमकं तेच करत नाहीत. तुमच्यातला कोणी स्पाय खेळतो म्हणाला तर महिनाभर थांबवा, तो सगळ्यात कठीण क्लास आहे.

पण सुरुवात तुम्ही या मॅचेसपासून करू नका. आत एक मॅन व्हर्सेस मशीन नावाचा मोड आहे, तो २०१२ ला आला, आणि तो सहा माणसं विरुद्ध रोबोंची फौज असा आहे, परत सहा, जसा काही तुमच्यासाठीच बनवलाय. रोबो एक बॉम्ब घेऊन लाटेलाटेने येतात, तुम्ही त्यांना अडवायचं, मेलेल्या रोबोंतून पैसे पडतात ते गोळा करून दोन लाटांच्या मधे हत्यारं सुधारायची. समोर माणूस नाही त्यामुळे कोणी हिणवत नाही, रँक नाही, आणि इंजिनिअर इथे सोन्याच्या भावाचा. बूट कॅम्प निवडा, तो फुकट आहे. त्याच मोडचा दुसरा प्रकार मॅन अप, त्याला तिकीट लागतं, ते विकत घ्यावं लागतं, त्याच्या वाटेला जाऊ नका.

त्यानंतर पेलोड. एक टीम बॉम्बची गाडी रुळावरून ढकलत नेते, दुसरी अडवते, जास्त माणसं गाडीजवळ तर गाडी जास्त वेगात. नवीन माणसाला काय करावं कळत नसेल तर गाडीजवळ उभा राहिला तरी तो कामच करतोय. अपवर्ड आणि बॅडवॉटर हे मॅप मला सगळ्यात आवडतात.

आता जे वाईट आहे ते पण सांगते. बरीच वर्षं या गेममध्ये बॉटचा, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्राम चालवतो अशा खेळाडूंचा, सुळसुळाट होता, आपोआप डोक्यात गोळी मारणारे स्नायपर बॉट मॅचच्या मॅच नासवायचे. खेळणाऱ्यांनी २०२२ ला आणि परत २०२४ ला मोठी मोहीम चालवली, २०२४ ला तर लाखोंनी सह्या केल्या, त्यानंतर व्हॉल्व्हने मोठ्या प्रमाणावर बॉट उडवले आणि आता खूप सुधारलंय. तरी एखादा चीटर भेटलाच तर व्होट लावून काढता येतो, नाही निघाला तर सरळ मॅच सोडा, सोडल्याचं पाप लागत नाही. दुसरं, कधी कधी चमकणारं रॉकेट येऊन एका फटक्यात मरशील, त्याला रँडम क्रिट म्हणतात, ते नशिबाने लागतं, त्यावरून कोणी कोणाला बोलायचं नाही. तिसरं, समोर दहा-पंधरा वर्षं खेळणारे जुने लोक असतील आणि पहिले काही दिवस ते तुम्हाला धू धू धुतील. हे सहाही जणांना आधीच सांगून ठेव, विरारवाल्याला तर दोनदा.

पैशाचं म्हणशील तर एक रुपया घालू नका. सुरुवातीला मिळणारी हत्यारं उत्तम आहेत, मी अजून बऱ्याच क्लासला तीच वापरते. टोप्यांचं वेड आहे या गेममध्ये, बंद पेट्या मिळतात आणि त्या उघडायला चावी विकत घ्यावी लागते, आत काय निघेल ते नशीब. नको त्या भानगडीत पडायला. आणि स्टीमवर, म्हणजे ज्या ॲपवरून हा गेम मिळतो तिथे, अनोळखी कोणी "ट्रेड करूया, ह्या लिंकवर ये" म्हणाला तर क्लिक करायचं नाही. फुकट अकाउंटला मॅचमध्ये चॅट मिळत नाही पण तुम्ही डिस्कॉर्डवर किंवा व्हॉट्सॲप कॉलवर असालच, आणि अनोळखी मेडिकला हाक मारायला ई बटन आहे.

जुन्या लॅपटॉपवर गेम चालेल, तो त्याच काळातल्या मशीनसाठी बनला होता. चित्रं पण अशी आहेत की लांबून नुसत्या सावलीवरून हेवी की स्काउट ते कळतं, त्यामुळे सेटिंग लो केली तरी खेळायला अडत नाही. तरी अडकत असेल तर रेझोल्युशन खाली आणा, सावल्या बंद करा, आणि मास्टरकॉमफिग म्हणून खेळणाऱ्यांनीच बनवलेलं एक फुकट सेटिंगचं पॅकेज आहे ते टाका, फरक पडतो. मॅकवाला कोणी असेल तर मात्र नाही चालणार, मोबाइलवर पण नाही. वायफायपेक्षा राउटरपासून केबल ओढा, विशेषतः ज्याच्या घरात रात्री अजून दोघं सिरीज बघत असतात त्याने.

आता ते दोघं ओरडतात त्याचं. गेम बदलला म्हणून आवाज आपोआप खाली येणार नाही रे. ग्रुपवर सगळ्यांसमोर काही बोलू नकोस, त्यात बदलापूरवाल्यालाच अजून कानकोंडं होईल. दोघांना वेगवेगळा फोन कर आणि सरळ सांग की तो परवा गेला होता ते तुमच्यामुळे, आणि मी त्याला परत आणलाय, पुढच्या वेळी येणार नाही. तुमच्यात आता समोरासमोर भेटणं राहिलेलं नाही, विरार ते पनवेल म्हणजे अर्धा दिवस जातो, तेव्हा साडेदहाचा हा तास-दीड तास हीच तुमची चाळ आहे. मरण्यावरून बोलायचं नाही एवढा एकच नियम ठेवा, "स्पाय आहे", "सेंट्री डावीकडे", "उबर भरला" हे हवं तितकं बोला.

शुक्रवारी रात्री सगळ्यांनी डाऊनलोड लावून झोपा, मोठं आहे, आणि जुन्या लॅपटॉपवाल्यांनी आधी डिस्कवर जागा करा. शनिवारी अर्धा तास ज्याने त्याने एकट्याने ट्रेनिंग करा, सोल्जर आणि इंजिनिअरचं आतच आहे, मग साडेदहाला सहाजण बूट कॅम्पला. आणि बदलापूरवाल्याला इंजिनिअरचं तू आधी सांगू नकोस हां, नाहीतर त्याला वाटेल नेम नाही म्हणून कोपऱ्यात बसवतायत. पहिल्या लाटेत ज्याला जे हवं ते घेऊ दे, सेंट्री नसली तर तुम्ही बहुतेक हरालच, मग म्हण, "अरे कोणीतरी ती मशीन लावा रे, मला जमत नाहीये."